विसापूरला दरवाजा नको: गडसंवर्धक मित्रांना खुलं पत्र

गडावर घाम गाळणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम जय शिवराय.

गेल्या कार्तिकात पायऱ्यांच्या घळीतून लोणावळ्याजवळचा विसापूर गड चढत होतो. पाऊस सरला होता, पण दगडांच्या बेचक्यात अजून ओल होती आणि शेवाळ पुरतं वाळलं नव्हतं. वर पडक्या दरवाजाच्या जागी तुमच्यासारखीच पाच-सहा मुलंमुली टेप धरून मापं घेत होती. एक जण वहीत रुंदी लिहीत होता, एक मुलगी मोबाइलवर फोटो काढत होती. त्यातला एक जण म्हणाला, "इथं एकदा सागवानी दरवाजा उभा राहू दे, मग बघा गड कसा जिवंत होतो." त्याच्या आवाजात इतकी तळमळ होती की माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी मला पाणी विचारलं, मी त्यांच्या हातावर थोडे चणे ठेवले आणि पठारावर निघून गेलो. जे तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितोय.

मागणं एकच आहे, ते आधीच सांगतो. विसापूरला दरवाजा बसवू नका. जो दरवाजा तिथे नाही, त्याचं नसणं हाच त्या गडाचा सगळ्यात बोलका लेख आहे.

हे वाचून तुमच्यापैकी काहींना वाईट वाटेल, ठाऊक आहे. तुमच्या कष्टांबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. रविवारची झोप मोडून तुम्ही पहिली लोकल पकडता, मळवलीला उतरता, खांद्यावर घमेली-फावडी घेऊन दीड-दोन तास चढता आणि संध्याकाळी हाताला फोड घेऊन परतता. कुणी पगार देत नाही, कुणी विचारत नाही. लोकवर्गणी काढून तुम्ही कितीतरी गडांना दरवाजे बसवलेत, तोफांना गाडे करून दिलेत, गाडली गेलेली टाकी मोकळी केलीत. ज्या काळात गड म्हणजे दारू पिऊन बाटल्या फोडायची जागा झाली होती, त्या काळात तुम्ही तिथे झाडू हातात घेतलात. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहावंसं वाटलं. ज्याला गडाचं काही पडलेलं नाही, त्याच्याशी वाद घालून काय करू?

आत्ताच लिहिण्याचं कारणही सांगतो. ११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. लोहगड त्या बारांत आहे. मधे फक्त गायमुख खिंड सोडून त्याला खेटून उभा असलेला विसापूर नाही. त्या दिवशी मला आनंद झाला आणि विसापूरची काळजीही वाटली. आता लोहगडाकडे पैसा येईल, पाट्या येतील, माणसं येतील. मग कुणीतरी खिंडीच्या पलीकडे बोट दाखवून म्हणेल, "हा बिचारा असा का? यालाही लोहगडासारखा करू या." आणि नेमकं तेच करायचं नाहीये.

लोहगड शाबूत का आणि विसापूर मोडका का, याचं उत्तर पावसात किंवा काळाच्या ओघात नाही. दोन्ही डोंगरांवर पाऊस सारखाच पडतो. दगड तोच, काळा बेसॉल्ट. फरक १८१८ च्या मार्च महिन्यात पडला.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्यानंतर पुणं इंग्रजांच्या हाती गेलं, बाजीराव पेशवे गाव सोडून निघाले. गड मात्र अजून शिल्लक होते आणि गड शिल्लक आहेत तोवर राज्य संपलं असं म्हणता येत नव्हतं. कोकणातून कर्नल प्रॉथरची फौज एकेक ठाणं घेत घाटावर आली. समोर लोहगड. त्याची वाट तुम्हाला पाठ आहे: गणेश दरवाजा, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, एकावर एक, प्रत्येक वळणावर वरून मारा. समोरून घ्यायचा म्हटलं तर किती माणसं खर्ची पडली असती कोण जाणे. पण लोहगडाचं एक दुखणं होतं. शेजारचा विसापूर त्याच्याहून उंच आहे, आणि तोफेच्या पल्ल्यात आहे. ज्याच्या हाती विसापूर, त्याच्यापुढे लोहगड उघडा. प्रॉथरने आधी विसापूरवर हल्ला चढवला. ४ मार्चला विसापूर पडला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगडही गेला. तुंग, तिकोना, राजमाची हे शेजारीपाजारीही त्याच महिन्यात गेले. मे महिन्यात त्याच फौजेने रायगड घेतला.

इथून या जुळ्या भावांचं नशीब वेगळं झालं. लोहगडावर पुढे कित्येक वर्षं इंग्रजांनी थोडी शिबंदी ठेवली, त्यामुळे त्याचे दरवाजे, त्याचा तट राखला गेला. विसापूरचे दरवाजे मात्र उडवून टाकले आणि गड ओसाड सोडला. उंचावरचा गड पुन्हा कुणाच्या हाती लागू नये, हा हिशेब. अनेक गडांच्या बाबतीत त्यांनी हेच केलं. नाशिककडे अलंग चढताना उडवलेल्या पायऱ्यांपाशी दोर लावावा लागतो, तेव्हा तुम्हीही १८१८ च्या त्या सुरुंगाचीच किंमत मोजत असता.

म्हणजे त्या घळीत तुमच्या पायाखाली येणारे घडीव दगड हे नुसते ढासळलेले दगड नाहीत. पुढच्या खेपेला चढताना दहा मिनिटं तिथे बसा. एखाद्या दगडाची एक बाजू छिन्नीने साफ केलेली दिसेल, बाकीच्या बाजू खडबडीत. साफ बाजू दर्शनी होती, भिंतीत बसलेली असताना तीच तेवढी दिसायची. आता ती बाजू आकाशाकडे, घळीकडे, कुठेही तोंड करून पडली आहे. कुठला दगड किती लांब फेकला गेला, कुठले जागच्या जागी खाली बसले, कुठे नुसता भरावाचा बारीक गोटा सांडलाय आणि कुठे मोठे चिरे, यावरून भिंत कशी कोसळली हे जाणकाराला वाचता येतं. दोनशे वर्षांत पाण्याने आणि माणसांनी त्यातले बरेच हलवलेत, खरं आहे. तरी जे उरलंय ते आहे. त्याच्यावर चकचकीत सागवानी फळ्या आणि अणकुचीदार खिळे ठोकून नवा दरवाजा उभा केला, की पुढच्या पिढीतलं पोर तिथे उभं राहून म्हणेल, वा, काय राखलाय गड! त्याला कळणारही नाही की इथे एक राज्य संपल्याची खूण होती आणि ती आपल्याच माणसांनी प्रेमापोटी पुसली.

शाबूत दरवाजा कसा असतो हे दाखवायचं आहे ना? मग खिंडीपलीकडे लोहगड आहेच की. सकाळी लोहगडाचे चार दरवाजे दाखवा, दुपारी विसापूरची ती जागा दाखवा. एका दिवसात, एका डोंगररांगेत, १८१८ च्या आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही समोरासमोर ठेवणारी अशी जोडी फार थोड्या ठिकाणी मिळेल. आपण विसापूरला लोहगडासारखा केला तर दोन लोहगड होतील आणि एकही विसापूर उरणार नाही.

सागवानाचाच विषय निघालाय म्हणून सांगतो. विसापूरच्याच डोंगराच्या पोटात, खाली भाजे गावाच्या वर, बावीस लेणी आहेत. त्यातली सगळ्यात जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. मोठ्या चैत्यगृहात जाऊन मान वर करा. कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत. मूळच्या. बावीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी सुताराने वाकवून बसवलेलं सागवान आजही तिथे आहे आणि त्यातल्या काही लाकडांवर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत. याच डोंगरावर इतकं जुनं लाकूड जागेवर टिकून असताना आपण वर्गणी काढून नवं लाकूड वर चढवायचं आणि त्याला इतिहास म्हणायचं, हे माझ्या गळी उतरत नाही. आपल्यातले कितीतरी जण भाज्याला फक्त धबधब्यासाठी थांबतात, लेण्यांकडे वळतसुद्धा नाहीत.

आणि भाज्याला वळायलाच हवं, कारण गडाची गोष्ट तिथून सुरू होते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून माल बोरघाटाने वर यायचा आणि देशावर पसरायचा. त्या वाटेवर भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी उभी राहिली. भाज्याच्या एका टाक्यावर लेख आहे: महारठी (हा त्याचा हुद्दा) कोसिकीपुत विण्हुदत याने हे टाकं दान दिलं. लेखात टाक्याला 'पोढी' म्हटलंय. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात ज्याला पुण्य मिळवायचं होतं त्याने पाणी दिलं. काही वर्षांपूर्वी लोहगडाच्या पोटातल्या एका गुहेतही 'नमो अरिहंताणं' असा आरंभ असलेला ब्राह्मी लेख उजेडात आला, तो डोंगर भटकणाऱ्यांच्याच नजरेला पडला होता. आपल्यासारख्याच माणसांच्या. त्यांनी तिथे काही उचललं नाही, घासलं नाही, रंगवलं नाही. नीट पाहिलं आणि जाणकाराला बोलावलं. गडासाठी एखादा भटक्या जास्तीत जास्त काय करू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्यापाशी नाही.

लेण्यांचा काळ सरला, वाट तीच राहिली, आणि वाटेवर नजर ठेवायला माथ्यावर गड आले. १४८९ च्या सुमारास निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने या भागातले जे किल्ले घेतले त्यात लोहगड होता. पुढे शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात हा मुलूख आला. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांच्या यादीत लोहगड, तुंग, तिकोना यांच्याबरोबर 'इसागड' आहे. हा इसागड म्हणजे आपला विसापूर. तहात त्याचं नाव लोहगडापासून वेगळं घेतलंय, हे ध्यानात घ्या. तो लोहगडाचा नुसता जोडकिल्ला असता तर मोगलांचा सेनापती मिर्झाराजा जयसिंग याने त्याचा वेगळा हिशेब मागितला नसता. १६७० मध्ये महाराजांनी लोहगड परत घेतला.

पेशवाईत लोहगडाला नाना फडणीसांसारखा धनी मिळाला. नानांनी आपला विश्वासू धोंडो बल्लाळ निजसुरे तिथे किल्लेदार नेमला, खजिना ठेवला, दरवाजे बळकट केले, सोळाकोनी तळं बांधलं. नाना १८०० मध्ये गेले तेव्हा त्यांच्या विधवा पत्नी जिऊबाईंना याच गडाचा आसरा होता. १८०३ मध्ये इंग्रजांच्या जनरल वेलस्लीने सालीना बारा हजार रुपयांच्या नेमणुकीचं वचन दिलं, तेव्हा त्या गड सोडून पनवेलला गेल्या. लोहगडावर फिरताना मला प्रत्येक वेळी त्या बाईंची आठवण होते. खजिन्याच्या गप्पा सगळे सांगतात, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. विसापूरला असा कुणी नाना मिळाला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल कागदही कमी बोलतो. जिथे कागद कमी बोलतो तिथे दगड जपावे लागतात, कारण दुसरा साक्षीदार नसतो.

विसापूरचे दगड बोलतातही खूप. पठारावर चुन्याचा घाणा आहे, तो तुम्ही पाहिला असेल. दगडी गोल चर आणि त्यात फिरणारं जाडजूड दगडी चाक. बैल किंवा रेडा जुंपून ते फिरवत राहायचं. भाजलेला चुना आधी पाण्यात विरवायचा, मग वाळूबरोबर या चरात मळून मळून लोण्यासारखा करायचा. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी असं काय काय घालायचे, ज्या त्या गवंड्याची आपली रीत. एक तट बांधायला असे किती फेरे झाले असतील! पठारावर मोठमोठी दगडी जातीही विखुरली आहेत, एका माणसाला हलणार नाहीत अशी. या दोन गोष्टींपाशी उभं राहिलं की गड म्हणजे नुसत्या तलवारी नव्हत्या हे पोरांना पटतं. गवंडी होते, बैल होते, धान्य दळणारे हात होते.

आणि घाण्यापाशी उभं राहून तरी सिमेंटचा विचार मनात आणू नका. माझं हे म्हणणं भावनेपोटी नाही. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात तटात मुरलेलं पाणी दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, हळूहळू बाहेर निघतं. दरजा सिमेंटने बुजवल्या की ते पाणी आत कोंडतं, वाट शोधतं आणि मागचा भराव भिजून फुगतो. मग तटाला पोट सुटतं आणि एखाद्या पावसात अख्खा पट्टा खाली येतो. दुरुस्ती केलेला भाग शाबूत आणि त्याच्या शेजारचा जुना भाग कोसळलेला, हे मी एकाहून जास्त गडांवर पाहिलंय. सिमेंट जुन्या दगडापेक्षा कडक असतं, त्यामुळे तडा गेला तर दगडाला जातो. जिथे दरज भरणं खरोखर गरजेचं आहे, तिथे चुनाच हवा, आणि तो मळायला जाणता गवंडी हवा. असे गवंडी आता फार थोडे उरलेत. वर्गणीचा पैसा कशावर लावावा हे मला विचाराल तर मी म्हणेन, दहा तरुणांना चुन्याचं काम शिकवण्यावर.

उत्तरेच्या तटापाशी एक लांब लोखंडी तोफ आहे. तिच्यावर मुकुट आणि इंग्लंडच्या राजघराण्याचं चिन्ह असलेला ट्यूडर गुलाब कोरलाय, दोन्ही बाजूंना राणी एलिझाबेथची आद्याक्षरं. १५५८ ते १६०३ या काळात गादीवर असलेल्या राणीची तोफ मावळातल्या गडावर! आंग्र्यांसारख्या कुणा दर्यासारंगाने इंग्रजी जहाजावरून ती काढून घेऊन पेशव्यांकडे पाठवली असावी, असा जुन्या अभ्यासकांचा तर्क आहे. तिला नीट पाहा. तिचे दोन्ही कान तोडलेले आहेत. ज्या कानांवर तोफ गाड्यात बसते, तेच नाहीत. तोफ कायमची निकामी करण्याची ही रीत होती. आता मला सांगा, या तोफेला नवा गाडा करून देऊन काय साधेल? ती त्यात बसणारच नाही, बळेच पट्ट्यांनी आवळून ठेवावी लागेल. तिचे मोडलेले कान हीच तिची हकीकत. तिला काळा रंगही फासू नका. अक्षरं बुजतात.

एक प्रसंग सांगतो. गडाचं नाव सांगत नाही, मंडळींचंही नाही, कारण त्यांनी जे केलं ते चांगल्याच हेतूने केलं. गाळाने भरलेलं टाकं उपसण्याचं श्रमदान होतं. मीही घमेल्यांच्या रांगेत उभा होतो. साठ-सत्तर माणसं, घोषणा, उत्साह. खालून भरलेलं घमेलं हातोहात वर यायचं आणि शेवटचा गडी ते कड्यावरून खाली ओतायचा. दुपारी जेवायला बसलो तेव्हा कड्याच्या काठाशी सांडलेल्या चिखलात काहीतरी चमकलं म्हणून मी वाकलो. निळ्या नक्षीचा चिनीमातीचा तुकडा, नखाएवढा. बाजूला काचेच्या बांगडीचा हिरवा तुकडा. आणखी बोटं फिरवली तर खापराच्या काठाचा एक मोठा तुकडा, त्याला आतून काजळी. सकाळपासून आम्ही असे किती तुकडे दरीत फेकले असतील? टाक्यातला गाळ थरांनी साचतो. सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना. गडावर राहणाऱ्या बायकांच्या बांगड्या, फुटलेली भांडी, खाल्लेल्या जनावरांची हाडं, कधी एखादं नाणं, सगळं त्या थरांत क्रमाने बसलेलं असतं. ज्या माणसांचं नाव कुठल्याच बखरीत आलं नाही, त्यांची तेवढीच नोंद. ती आम्ही एका रविवारात रिकामी केली आणि संध्याकाळी स्वच्छ टाक्यासमोर फोटो काढून घेतला. त्या फोटोत मी आहे. तो हिरवा तुकडा कुठल्या थरातला, हे आता जगात कुणीच सांगू शकणार नाही.

म्हणून विसापूरच्या टाक्यांबद्दल माझी विनवणी आहे की पुरातत्त्व खात्याचा माणूस सोबत असल्याशिवाय गाळाला हात लावू नका. १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित असलेल्या स्मारकात परवानगीवाचून खोदकाम, बांधकाम करता येत नाही, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर भोवतालच्या शंभर मीटरमध्येही नवं बांधकाम नाही. तुमच्यातले बरेच जण या नियमांवर चिडतात. परवानगीला वर्षं लागतात, कागद हलत नाहीत, तोवर भिंत पडते, हे सगळं खरं आहे. मीही चिडलोय. पण त्या चिडीत आपण थर गमावले तर नुकसान खात्याचं होत नाही, आपलं होतं. परवानगी मिळाल्यावरही गाळ चाळणीतून काढायचा, कुठल्या खोलीचा आहे ते लिहायचं आणि निघालेलं सगळं पिशवीत चिठ्ठी घालून ठेवायचं. काम दसपट हळू होईल. होऊ दे.

आता कुणी म्हणेल, मग आम्ही करायचं काय, नुसतं बघत बसायचं? नाही. कामाला तोटा नाही. त्या पायऱ्यांच्या घळीचंच पाहा. पावसाळ्यात पठारावरचं पाणी त्याच पायऱ्यांवरून धो धो खाली येतं. तरुण मंडळी तिथे भिजायला गर्दी करतात, फोटो सुरेख येतात, पण ते पाणी दर वर्षी पायऱ्यांखालची माती धुऊन नेतंय. वर पठारावर पाणी कुठून येतं, पूर्वी ते कुठे वळवलेलं होतं, टाकी एकमेकांना कशी जोडलेली होती, हे एका पावसाळ्यात छत्री घेऊन कुणी तपासेल का? आज्ञापत्र या मराठ्यांच्या राजनीतीवरच्या जुन्या ग्रंथात गड बांधण्याआधी पाणी पाहा, नसेल तर खडक फोडून टाकी करा असं बजावलंय. ज्यांनी पाण्याचा इतका विचार केला त्यांनी वाहत्या पाण्याचा बंदोबस्त केलाच असणार. तो शोधून मोकळा झाला तर पायऱ्या वाचतील. त्यासाठी एकही नवा दगड लागणार नाही.

तटात उगवलेल्या पिंपळ-उंबरांचंही काम आहे. रोप उपटून काढू नका, मुळं दगडांना मिठी मारून बसलेली असतात, उपटलं की दोन चिरे सोबत येतात. ते बुंध्याशी कापून मुळं जागीच मारायची, आणि ते शिकून घ्यावं लागतं.

आणि सगळ्यात मोठं काम गडावर नाहीच, गडाखाली आहे. गड म्हणजे माथा एवढंच आपण धरून बसलोय. जुन्या कारभारात गडाला घेरा असायचा. उताराचं रान, वाटांवरची मेटं म्हणजे पहाऱ्याची ठाणी, पायथ्याची गावं, पहाऱ्याला राबणारी माणसं, सगळं मिळून गड. गड पडले तेव्हा या माणसांची पिढीजात चाकरी गेली आणि ती शेतात, रानात पांगली. पाटण, भाजे, लोहगडवाडी इथली म्हातारी माणसं अजून वाटांना, ओढ्यांना, दगडांना नावं घेऊन हाक मारतात. नकाशात ती नावं नाहीत. लोहगडवाडीत गणेश दरवाजाच्या बुरुजाची गोष्ट सांगतात. तो काही केल्या उभा राहीना म्हणून एका जोडप्याचा बळी दिला आणि त्या घराण्याला गावची पाटीलकी मिळाली. ती घडली की नाही हा वेगळा प्रश्न. पण गडाच्या दगडाखाली आपलं माणूस आहे असं जे गाव मानतं, त्याच्याशी बोलल्याशिवाय आपण त्या गडावर काही ठरवायचं, हे बरं नव्हे. शनिवार-रविवारी आपल्या गाड्यांनी त्यांच्याच रस्त्यावर कोंडी होते, आपल्याच कचऱ्याची ओझी त्यांच्या अंगणातून जातात. आपण त्यांच्याकडे चहा पितो, भाकरी खातो आणि गडाबद्दल व्याख्यान त्यांनाच देतो! एखाद्या रविवारी फावडं घरी ठेवून फक्त ऐकायला जा. एखाद्या आजोबांबरोबर जुन्या वाटेने चाला, ते सांगतील ते नाव जिथल्या तिथे लिहून घ्या. नवा रस्ता झाला की जुनी वाट चार-पाच पावसाळ्यांत रानात बुजते, आणि वाट बुजली की नावही जातं. खाली पवनेच्या धरणात जी शिवारं बुडाली त्यांच्या बांधांची नावं आज विचारायला गेलं तर किती मिळतील?

त्या मुलाने दरवाजाचं माप घेतलं होतं ना, ते वाया गेलेलं नाही. तो जर हे वाचत असेल तर माझं त्याला सांगणं आहे की बाबा रे, ती वही जपून ठेव आणि तिच्यात आणखी लिही. पडलेल्या प्रत्येक घडीव दगडाला नंबर दे, खडूने नाही, कागदावर. त्याची लांबी, रुंदी, साफ बाजू कुठे, उतारावर कुठे पडलाय, उत्तर दिशा कुठली. फोटोत शेजारी टेप ठेव. असं शंभर दगडांचं झालं की मूळ दरवाजा कसा होता हे कागदावर उभं करता येईल, अगदी कमानीच्या वळणासकट. तो कागद भाज्याच्या शाळेत लावू, लोहगडाच्या पायथ्याला लावू. सागवानाच्या पैशात असे शंभर कागद होतील आणि घळीतला एकही दगड हलणार नाही.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी मळवलीला उतरणार आहे. दोन टेप, होकायंत्र, चौकटीच्या वह्या आणि पेन्सिली माझ्याकडे असतील. ज्यांना यायचं त्यांनी पाणी आणि डबा आणावा. फावडं नको.

तुमचाच,
विसापूरवर वारंवार जाणारा एक भटक्या